हळद उतरेपर्यंत

गुरुवार, १२ एप्रिल २००७

सकाळी वजनकाट्यावर ड्युटी. दुपारपर्यंत गाड्यांची रांग मानकोली नाक्याकडे वाढत गेली. जेवायला घरी आलो. वहिनीने कोलंबीचं कालवण केलं होतं. जेवताना बोलणं झालं नाही.

चारच्या सुमारास चुलतभाऊ बाळाराम काट्यावर आला. बरोबर मुंबईच्या एका संशोधन संस्थेतली मुलगी होती, मृणाली. बायकांच्या छातीतली गाठ उजेडाने शोधायचं यंत्र त्यांनी बनवलं आहे. ते गावातल्या बायकांवर तपासून बघायचं आहे. त्यासाठी पूर्ण काळोख होईल अशी खोली हवी. बाळारामचा दापोड्याचा गोडाऊनचा गाळा रिकामा पडला आहे, तो द्यायला तो तयार झाला. पण तिथे बसून सगळं बघणारा माणूस पाहिजे.

बाळाराम तिला म्हणाला, "ह्यो आमचा रामनाथ. बी.कॉम. झालेला हाय. ह्याची घरची ह्याच रोगान गेली. त्याला सगला म्हायती हाय."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.


रविवार, १५ एप्रिल

गाळ्यातली ऑफिसची खोली साफ करून घेतली. खिडकी नाही, पण पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं आहेत. दार लावल्यावर ती सगळी दिसली. दुपारभर काळा कागद चिकटवत होतो. लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर बाळारामने पाठवला.

यंत्र दोन सुटकेसमध्ये मावतं. मृणालीने लाल उजेडाची डबी माझ्या तळहाताखाली धरून दाखवली. हात आरपार लाल झाला. हाड दिसलं नाही, शिरा काळ्या दिसल्या. ती म्हणाली, लाल उजेड मांसातून जातो आणि रक्त जास्त असेल तिथे अडतो. गाठीला वाढायला रक्त लागतं, म्हणून तिथे डाग येतो. दुसरा निळा उजेड आहे. तो आत जात नाही. कातडीवरून जो उजेड परत येतो त्याचे रंग वेगळे करून मोजतात. दोन्ही मिळून कॉम्प्युटर शेवटी एक आकडा देतो. दाबणं नाही, दुखणं नाही. तरण्या बायकांचं एक्स-रेमध्ये नीट दिसत नाही, त्यांना याचा उपयोग होईल असं त्यांना वाटतं.

मी विचारलं, हे पक्कं आहे का.

"नाही काका. पक्कं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते? आकडा जास्त आला तर सोनोग्राफी, मग सुई. खरं काय ते सुईच सांगते."

हे उत्तर मला बरं वाटलं. माझ्या बायकोच्या, कमळच्या वेळी जो तो पक्कं सांगत होता.


सोमवार, २३ एप्रिल

काल संध्याकाळी बाळारामच्या मुलाची, मितेशची हळद झाली. आज लग्न. आमच्यात हळदीला लग्नापेक्षा जास्त माणूस जमतो. बँजो होता. बायका एकमेकींना हळद फासतात ती तोंड-हातांवर थांबत नाही, गळा, पाठ, ब्लाऊजच्या आत, जिथे हात पोचेल तिथे.

कमळचं वर्ष व्हायचं आहे म्हणून मी मंडपात गेलो नाही. वहिनीला तर हळदीत जागाच नाही. माझा मोठा भाऊ, तिचा नवरा राघोदादा जाऊन वीसेक वर्षं झाली. आम्ही दोघं आमच्या ओट्यावर बसलो, ती खांबाला टेकून, मी पायरीजवळ. बाळारामची बायको चंद्रा ताटं घेऊन आली. डोक्यापासून पायापर्यंत पिवळी.

"दोघं बसून कसली राखन करताव? घर कोन उचलून नेतंय काय?"

वहिनी म्हणाली, "जा गो तू. तिकडं तुजी वाट बघतान."

बँजो थांबेपर्यंत बसलो. मधे वहिनी एकदाच बोलली. "कमलला नाचायची लय हौस." मी हो म्हटलं. ती ओट्यावरून उठली ती ताटं घासायलाच.


बुधवार, २५ एप्रिल

तपासणीचा पहिला दिवस. मी गाळ्याच्या दाराबाहेर टेबल टाकून बसलो. नाव लिहून घ्यायचं, नंबर द्यायचा, आतला काळोख मोडू द्यायचा नाही एवढं काम. लग्नघरच्या बायका जवळजवळ सगळ्या आल्या, चंद्राने आणल्या. पहिली तीच आत गेली. बाहेर येऊन सगळ्यांना म्हणाली, "काय नाय गो. नुसता काळोख. आमच्या घरवाल्यान लग्नाच्या राती पन येवढा काळोख नव्हता केला."

बायका हसल्या. मी रजिस्टरकडे बघत राहिलो.

दुपारी एक ट्रक समोर दिवे लावून उभा राहिला. पत्र्याच्या फटीतून उजेड आत गेला आणि मृणाली ओरडली. ड्रायव्हरला बत्ती बंद करायला सांगितली. तो म्हणाला, "अंदर पिक्चर चल रहा है क्या, भाईसाब?" मी त्याला पुढे घ्यायला लावला.

वहिनी चहाचा थर्मास घेऊन आली होती. तपासायला नव्हती आली. चंद्राने तिला दंडाला धरून आत ढकललं. "चल वयनी, फुकट हाय." बाहेर आल्यावर वहिनी तशीच घरी निघाली. थर्मास टेबलावर विसरून गेली.


गुरुवार, २६ एप्रिल

सकाळपासून मृणालीचा चेहरा उतरला होता. कालच्या बायकांपैकी अर्ध्याअधिकींचे आकडे जास्त. तिने मुंबईला तिच्या सरांना फोन केला. मी ऐकत होतो. ती म्हणत होती, "सर, एका गावात एवढ्या कशा असतील?" मला वाटलं यंत्र बिघडलं. मग वाटलं, न बिघडलं तर.

अकराच्या सुमारास ती एका बाईला घेऊन आत होती. निळा उजेड लावल्याबरोबर त्या बाईची मान आणि छाती पिवळी-हिरवी चमकली म्हणे. मृणालीने आतून मोठ्याने विचारलं, "हे काय लावलंय तुम्ही?"

"हलद!" बाहेरच्या बायकाच ओरडल्या. "लग्न नव्हता का आमच्याकडं!"

मृणाली बाहेर आली, पायरीवर बसली आणि हसत सुटली. तिला हसताना बघून बायका आणखी हसल्या. हळद चार दिवस कातडीत राहते. डोळ्यांना दिसली नाही तरी निळ्या उजेडाला दिसते. आकडा वाढला तो त्याने. चंद्रा म्हणाली, "बाय माजे, सकालधरनं जीव थाऱ्यावर नाय माजा. आनि निघाली हलद."

मृणाली जास्त आकडेवाल्यांना एकेक विचारत गेली, हळद लागली होती का. सगळ्या हो म्हणत होत्या. वहिनी थर्मास न्यायला आली होती, तिचाही आकडा जास्त होता. मृणालीने विचारलं, "काकू, तुम्हालाही लागली असेल ना?"

वहिनी म्हणाली, "लागली व्हती."

चंद्रा तिच्याकडे बघत होती, मग तिने पदर सारखा केला आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागली. हळद उतरल्यावर, पुढच्या शुक्रवारी, सगळ्यांनी परत यायचं ठरलं.

सगळ्यांना बरं वाटलं, मलाही. घरी जाताना वहिनीला म्हटलं, हळदीने केवढा घोळ केला. ती म्हणाली, "हां."


सोमवार, ३० एप्रिल

वहिनी आज एसटीने वज्रेश्वरीला जाऊन आली, एकटीच. ती कुठे जात नाही, त्यामुळे बरं वाटलं. गणेशपुरीहून येताना माझ्यासाठी पेढे आणले.

संध्याकाळी तिने मला तांदळाची कोठी, पापडांचा डबा, सुकटीची बरणी कुठे असते ते दाखवलं. मी म्हटलं, मला काय करायचं आहे. ती म्हणाली, "पुरुषमानसाला ठावं असावा." हल्ली हंडा उजव्या कमरेवर घेते. आधी डाव्या घेत असे. वय झालं आता तिचं.


शुक्रवार, ४ मे

फेरतपासणी. बायका आल्या, एकामागून एक आत गेल्या, आकडे सगळे खाली. एकीने बाहेर येऊन सांगितलं की तिने तीन दिवस बेसनाने अंग घासलं, आता नवरा विचारतो कोणासाठी. मृणाली खूश होती. तिच्या सरांनी यंत्राच्या कागदात हळदीचा वेगळा रकाना करायला सांगितलं आहे.

वहिनी आली नाही. सकाळी म्हणाली होती, गुडघा दुखतो. मृणालीने दोनदा विचारलं. मी म्हटलं, सांगतो.

दुपारी बायका गेल्यावर चंद्रा मागे राहिली.

"भावजी, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"त्या दिशी वयनी मंडपात आल्ती का?"

"नाही."

"मंग तिला हलद लावली कोनी? मी ताटं द्याया आले, मी न्हाय लावली. माजे हात भरलेले व्हते तरी मी लांब उभी रायले. मागनं कोन आला का?"

"ती ओट्यावरच होती. शेवटपर्यंत."

"तुमच्यासंगं?"

"हो."

चंद्राने माझं टेबल उचलून आत ठेवायला मदत केली. जाताना म्हणाली, "मी कोनाला बोलत न्हाय. पन तुमी बोला तिच्याशी."

इतके दिवस हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्या दिवशी मी तिथेच होतो.


शनिवार, ५ मे

काट्यावर दोनदा चूक झाली. रिकाम्या गाडीचं वजन वजा न करता पावती फाडली. ड्रायव्हरने परत आणून दिली.

काय करायचं ते ठरत नाही. मृणालीला सांगितलं तर ती वहिनीला विचारणार, आणि तिथे दहा बायका असणार. वहिनी खोटं बोलली हे एक आणि ती रात्री ओट्यावर माझ्याबरोबर होती हे दुसरं. कमळ गेल्यापासून एका घरात आम्ही दोघंच आहोत. गावात काय बोलतात ते मला माहीत आहे. तोंडावर कोणी बोलत नाही.

वहिनीशी बोलायचं तर अशा गोष्टीबद्दल मी तिच्याशी कधी बोललेलो नाही. कमळलाही गाठ आहे हे आधी वहिनीला कळलं होतं. मला नंतर सांगितलं.

एक गोष्ट मला समजत नाही. वीस वर्षांत वहिनीने कोणाला एक शब्द बोलायला जागा दिली नाही. कपाळ, बांगड्या, लग्नकार्यात कुठे बसायचं, सगळं सांभाळलं. आणि तिने सगळ्या बायकांसमोर हळद लागली म्हणून सांगितलं.


रविवार, ६ मे

दुपारी जेवताना बोललो. आधी दोन घास खाल्ले.

"वहिनी, मंगळवारी मृणाली येनार हाय. शेवटचा दिवस. जाऊन ये."

"हलद उतरली का बघाया?"

"हां."

"उतरल हलूहलू. तुमी जेवा."

"वहिनी, तू ओट्यावरनं उठलीच न्हवतीस."

तिने भाताचं पातेलं झाकलं. मग म्हणाली, "तुमी बघत व्हताव काय माज्याकडं?"

"बसलो व्हतो. तू पन बसली व्हतीस."

"भावजी, कमलला कापली. मंग त्या सलायनी, ते शेक. केस गेले, तोंड आलं, पानी गिलाया येत न्हवता. आनि शेवटी झाला तेच झाला. तुमी बाहेर बाकड्यावर बसलेले. आत मी व्हते. मी बघलाय. मना ठावं हाय ह्यो काय हाय ते. दिवाळीपासून ठावं हाय."

मी ताटातला भात एकीकडे करत होतो.

ती म्हणाली, "परत कोन बसल त्या बाकड्यावर?"

"मी बसन. मना सवय हाय."

ती उठली, ताट घेऊन मोरीत गेली. नळ बराच वेळ चालू होता. मी पातेल्यातला उरलेला भात कावळ्यांना टाकला. संध्याकाळी चहा देताना म्हणाली, "मंगलवारी किती वाजता?"


मंगळवार, ८ मे

वहिनी धुवट पांढरं पातळ नेसून आली. चंद्रा तिच्याबरोबर होती. राहिलेल्या सात-आठ बायका बसलेल्या. मृणालीने सहज विचारलं, "काकू, हळद गेली का सगळी?"

वहिनी म्हणाली, "लागलीच न्हवती. खोटा बोलले."

कोपऱ्यातली एक म्हातारी चकचक करायला लागली. चंद्रा तिच्याकडे वळली. "लागली असती तरी काय झाला असता गो काकी? नवरदेव उठून गेला असता काय?"

वहिनी आत गेली. दार लागलं. मी फटीवरचा काळा कागद दाबून धरला. त्याची गरज नव्हती.

मृणाली बाहेर आली ती माझ्याकडे. हळू आवाजात म्हणाली, "काका, बाकीच्यांची लाल उजेडाची चित्रं स्वच्छ आहेत. त्यांचा आकडा नुसत्या निळ्याने वाढला होता. यांच्या चित्रात डावीकडे डाग आहे. पहिल्या दिवशीही होता. मी आकडाच बघत राहिले. चित्र उघडून बघायला हवं होतं."

मी म्हटलं, "तिने सांगितलं होतं ना तुम्हाला, लागली म्हणून."

"तरीपण."

तिने ठाण्याच्या डॉक्टरबाईंना फोन करून वेळ घेतली. वहिनी बाहेर येऊन म्हणाली, "दाखवला हिनं. टीव्हीवर. जांभलायेवढा काला."


शनिवार, १२ मे

ठाण्याला सोनोग्राफी, मग सुई. वहिनीची एकच अट होती, कमळ होती त्या इस्पितळात जायचं नाही. इथल्या बाकड्याला पाठ नव्हती.


शुक्रवार, १८ मे

रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. गाठ लहान आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, काखेत हाताला काही लागत नाही, खरं ऑपरेशनमध्ये कळेल, पण लवकर सापडली. कमळच्या बाबतीत हा शब्द कोणी वापरला नव्हता. मी त्यांना तो परत म्हणायला लावला. त्यांनी म्हटला.

वहिनीने विचारलं, "पुरी कापनार काय?" डॉक्टरबाई म्हणाल्या, नाही, गाठ आणि आजूबाजूचं थोडं. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा." कशाबद्दल ते मला कळलं नाही.

परतताना कोपरीच्या सिग्नलला रिक्षा बराच वेळ उभी होती. ती म्हणाली, "लाडू घेऊ का चंद्राच्या पोरांना?" घेतले.


गुरुवार, २४ मे

ऑपरेशन झालं. मी बाकड्यावर होतो. चंद्रा आत जाऊन येऊन होती, प्रत्येक वेळी काहीतरी सांगत होती. नेलं. अजून चालू आहे. आता शिवतात म्हणे. मी तिला म्हटलं, बस जरा. ती म्हणाली, "तुमी बसा. तुमाला जमता."

मृणालीचा फोन आला. मी म्हटलं, ठीक आहे. ती रडत होती असं वाटलं. कशाला ते कळेना, ठीक आहे असंच मी म्हटलं होतं.

संध्याकाळी वहिनीला बघितलं. डोळे उघडून म्हणाली, "जेवलाव काय?" मी हो म्हटलं. जेवलो नव्हतो.

काखेच्या गाठींचा रिपोर्ट आठ दिवसांनी.


रविवार, २७ मे

आज चंद्रा वहिनीजवळ थांबली. मला म्हणाली, घरी जा, कपडे बदला, माणसासारखे दिसा.

गल्लीत सगळ्यांच्या गच्चीवर मिरच्या वाळत आहेत. पाऊस यायच्या आत वर्षाचा मसाला कुटून घ्यायचा असतो. आमच्याकडे यंदा काहीच झालेलं नाही. परवा बाजारातून मिरची, धने आणि खडा मसाला आणून गच्चीवर टाकला होता. आज दुपारी पिशवीत भरून डंखावर, मसाला कुटायच्या गिरणीत नेला.

रांगेत सगळ्या बायका. एक म्हणाली, "रामनाथभाव, वाट चुकलाव काय?" दुसरीने मला पुढे घेतलं. मसाला कुटणाऱ्याने पिशवी उचलून बघितली. म्हणाला, "येवढा कशाला? एकट्याला अर्धा किलो बस झाला. बाकीचा जुना होईल."

मी म्हटलं, "दरवर्षी असतो तेवढाच आहे. सगळा कूट."

डॉक्टरबाईंनी वहिनीला पुढचे काही महिने तिखट बंद सांगितलं आहे. पण मसाला वर्षभर टिकतो.

कुटून होईपर्यंत तासभर लागला. घरी आलो. चिनी मातीची बरणी पुसून उन्हात ठेवली, गार होऊ दिली. मसाला थराथराने दाबून भरला. मध्ये मध्ये हिंगाचे खडे घातले. तोंडावर पांढरं फडकं टाकून सुतळीने बांधलं. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. बरणी वरच्या फळीवर सरकवून ठेवली आणि भात लावला.